दगड आधी की कुलूप आधी

गुरुवारी शाळा सुटली की खारू चालत नसे, सुटत असे. पाठीवर दप्तर, दप्तरात खुळखुळणारी कंपासपेटी, आणि थिएटरच्या मागचा लोखंडी जिना! सत्तावीस पायऱ्या ती दोन-दोन करत चढे. शेवटी एक पायरी उरे, तिच्यावर उगाचच जोरात उडी मारे आणि मगच केबिनचं दार ढकले. या चढण्यावरूनच मामाने तिला खारू म्हणायला सुरुवात केली होती. बघता बघता आईनेही तेच उचललं, मग बाबांनी, आणि खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं.

केबिन म्हणजे बाबांचं राज्य. बाबा थिएटरमध्ये ऑपरेटर होते, म्हणजे सिनेमा दाखवण्याचं काम त्यांचं. राज्यात दोन मोठी यंत्रं, एक रीळ उलटं गुंडाळायचं टेबल, भिंतीला आठ खणांचं लाकडी कपाट, आणि खाली हॉलमध्ये बघायला काचेचे दोन झरोके. पहिला झरोका बाबांचा. दुसरा खारूचा.

सिनेमा तेव्हा डब्यांतून येई. एका सिनेमाचे सात-आठ गोल पत्र्याचे डबे, एका डब्यात एक रीळ. एका यंत्रावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर, एक बारीकसा ठिपका चमकून जाई. तो दिसला की बाबा दुसरं यंत्र सुरू करत, आणि खाली बसलेल्या आठशे माणसांना पत्ताही लागत नसे की सिनेमा इकडून तिकडे गेला. बावीस वर्षं! बावीस वर्षांत एकही सांधा कुणाला दिसला नव्हता. पण त्यामुळे एक गंमत झाली होती. बाबा सिनेमा बघतच नसत, ठिपका बघत. कथा विचारली तर म्हणत, "कोपरा छान होता."

आणि मामा? मामाला दिसत नव्हतं असं सिनेमात काही नव्हतंच. तो आईचा धाकटा भाऊ, आणि एका मोठ्या वर्तमानपत्रात सिनेमांवर लिहायचा. गावात शुक्रवारी लागणारा सिनेमा गुरुवारी दुपारी इथे पेपरवाल्यांना आधी दाखवत. मामाची जागा ठरलेली, सातव्या रांगेतली अकरावी खुर्ची. हातात पेनाएवढी टॉर्च. पडद्यावर चित्र धूसर झालं की तो टॉर्च एकदा छताकडे मारी; बाबा लगेच भिंगाची कडी केसभर फिरवत. दोनदा मारली तर अर्थ वेगळा: चहा ठेवा, मी वर येतोय.

मग सिनेमा संपला की जिन्यावर मामाच्या चपला वाजत. तो गोल स्टुलावर बसे, कप दोन्ही हातांत धरे आणि वाद सुरू.

"लेखकराव, तुम्ही सिनेमा बघता की सिनेमातला पक्ष?" बाबा विचारत.

"दाजी, पक्ष नसलेला एक सिनेमा दाखवा, मी टोपी घालायचं सोडतो."

"तुम्ही टोपी घालतच नाही!"

"म्हणून तर पैज लावतोय."

मामाच्या जगात माणसांचे दोन ढीग होते. एक ‘आपली माणसं’, दुसरा ‘ती मंडळी’. ती मंडळी नेहमी असं करतात, त्या मंडळींना गरीब माणूस दाखवताच येत नाही, त्यांचे सगळेच सिनेमे असे. आई म्हणायची, "माझा भाऊ बोलायला लागला की ‘सगळे’ आणि ‘नेहमी’ हे दोघं जेवायलाच बसतात आमच्याकडे."

पण खारूला त्याच्या ढिगांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला वेड होतं ते त्याच्या एका प्रश्नाचं. चहा संपला की तो तिच्याकडे वळे, तिच्या हातातल्या शेंगदाण्यांच्या पुडीकडे बघे आणि विचारी, "काय खारूबाई, हात कुठे थांबला?"

म्हणजे खाताना, कुठल्या क्षणी पुडीतला हात पुडीतच राहिला? तोच सिनेमातला खरा क्षण, असं मामाचं म्हणणं. ती सांगे. तो हसत नसे, ‘अजून लहान आहेस’ म्हणत नसे, वहीत लिहून घेई. एकदा तर त्याने चक्क छापलं होतं, ‘एका जाणकार प्रेक्षकाच्या मते.’ तो जाणकार प्रेक्षक आठवडाभर जमिनीवर नव्हता!

तर असा सगळा सोहळा चालू असताना तो कारखान्याचा सिनेमा आला.

एका बाईंनी काढलेला पहिलाच सिनेमा. बाईंच्या वडिलांचा स्वतःचा कारखाना होता, हे मामाला सिनेमाच्या आधीच माहीत होतं. म्हणजे बाई कुठल्या ढिगात, ते ठरूनच गेलं होतं. त्या गुरुवारी शाळेला अर्धी सुट्टी होती, म्हणून खारू लवकर पोचली. बाबा यंत्राच्या दिव्याशी झटापट करत होते. दिवा सकाळपासून फुरफुरत होता. "रिळं लावून ठेव गं खणात," ते न बघताच म्हणाले. खारूने डबे उघडले, झाकणं एका कोपऱ्यात रचली, रिळं खणांत ठेवायला घेतली. चौथ्या खणात तिने आल्याआल्याच चहाचा गरम थर्मास ठेवला होता. म्हणून चौथं रीळ पाचव्या खणात सरकवलं. पाचवं हातात उरलं. तेवढ्यात थर्मास आठवणीने खाली काढला आणि पाचवं चौथ्या खणात टाकलं. ‘नंतर बदलू’ असं मनात आलं, आणि त्याच क्षणी खालून टॉर्च चमकली. मामा आला होता! ती धावत झरोक्याशी गेली.

सिनेमा सुरू झाला. खारू एकीकडे भूगोलाचे नकाशे रंगवत होती, एकीकडे संपलेली रिळं टेबलावर उलटी गुंडाळत होती. गुरुवारचं ते काम तिचं. बाबा दिवा सांभाळत होते, आणि रीळ बदलायची वेळ आली की हात मागे करून खणातून पुढचं काढत होते. पहिला खण, दुसरा, तिसरा, चौथा. खणाकडे बघायचीही गरज नसे. फिल्म यंत्रात ओवताना ते खरोखर डोळे मिटत, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! "डोळे मिटून लावतो मी," पाहुण्यांना ते सांगत.

त्या दिवशी टॉर्च दोनदा चमकली नाही. मामा वर न येताच गेला.

शुक्रवारी सकाळी कळलं का ते. लेख पानभर होता. ‘दगड आधी, कुलूप नंतर’ असं मथळ्यातच. मामाने लिहिलं होतं की या सिनेमात कामगार आधी मालकाच्या घरावर दगड मारतात, आणि त्यानंतर कारखान्याला कुलूप लागतं. म्हणजे बिचारा मालक करणार काय? प्रत्यक्षात नेहमी उलट घडतं. आधी कुलूप लागतं, मग दगड उठतो. पण क्रम फिरवला की गुन्हेगार फिरतो. ‘हा क्रम चुकून होत नाही. या मंडळींच्या हाताला तो जन्मजात येतो. त्यांचा एकही सिनेमा याला अपवाद नाही.’

गंमत पुढेच आहे. मामाच्या उलट्या बाजूचं एक वर्तमानपत्र होतं, आणि तिथे जाड चष्म्याचे एक गृहस्थ लिहीत. मामा त्यांना भिंगवाले म्हणे. भिंगवाल्यांनीही तेच लिहिलं होतं, फक्त आनंदाने! ‘दगड आधी येतो हे दाखवायचं धैर्य अखेर कुणीतरी केलं. संपवाले सगळे असेच असतात.’

शनिवारी बाबांनी एक विलक्षण गोष्ट केली. यंत्रं हाताखालच्या माणसाकडे सोपवून ते खाली हॉलमध्ये गेले आणि तिकीट काढलेल्या माणसासारखे अख्खा सिनेमा बसून पाहिला.  रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "तो पहारेकरी फाटकाला कुलूप लावतो ना, त्याला किल्ली कुठल्या खिशात ठेवावी तेच सुचत नाही. या खिशात घालतो, काढतो, त्या खिशात घालतो." आणि वरणाचा चमचा तसाच धरून बसले. आईने खारूकडे बघितलं. बाबांना कोपऱ्याशिवाय काहीतरी दिसलं होतं!

मग पत्रं यायला लागली मामाच्या पेपरात. ‘आम्ही पाहिला तेव्हा कुलूप आधी होतं, दगड नंतर. आपण कुठला सिनेमा पाहिलात?’ दुसरा कुणी असता तर थांबला असता. मामाने दुसरा लेख लिहिला. ‘माझ्या टीकेनंतर त्यांनी गुपचूप कात्री चालवली आणि क्रम बदलला. चोराच्या हातातला माल आपण परत मिळवला!’

पुढच्या रविवारी संध्याकाळी मामा घरी आला तो विजयी वीरासारखा. बाबा खिडकीपाशी बसले होते.

"लेखकराव, कुणी कात्री लावलेली नाही," बाबा शांतपणे म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या ताब्यात आहे प्रिंट. पहिल्या दिवसापासून. मी स्वतः बसून पाहिला. कुलूप आधी आहे."

"कधी पाहिलात? शनिवारी! माझ्या लेखानंतर!"

"लेखाने फिल्म कापली जाते काय?"

"दाजी, मी या डोळ्यांनी पाहिलंय. भिंगवाल्यांनी पण पाहिलंय. तो आणि मी आयुष्यात एकदाच एका गोष्टीवर सहमत झालोय, हा काय पुरावा कमी आहे?"

"मग दोघांना एकदमच डुलकी लागली असेल."

आई हसली. मामा नाही हसला. "तुम्ही कापलं असं म्हणत नाही मी. थिएटरच्या मालकाने सांगितलं असेल. थिएटरवाले शेवटी कुणाचे? ज्यांचे सिनेमे त्यांचे. सगळे—"

"माझ्या केबिनमधून," बाबा उठले, आणि त्यांचा आवाज इतका खाली गेला की खारूला तो कधी ऐकल्याचंच आठवेना, "बावीस वर्षांत एक चुकीची चौकट गेली नाही. तुम्ही पेपरवाले सगळे खोटं लिहिता हे ऐकून होतो. घरातलाच निघेल असं वाटलं नव्हतं. गुरुवारचा चहा यापुढे बाहेर घ्या."

"तुम्ही पुरुष सगळेच—" आई म्हणाली, आणि ‘सगळेच’वर जीभ चावून थांबली. मामा चपला घालून गेला सुद्धा.

खारू दाराआड उभी होती. दगड आधी, कुलूप नंतर. दगड, कुलूप. तिच्या डोळ्यांसमोर एक थर्मास उभा राहिला. चौथ्या खणातला थर्मास. आणि मग तेही आठवलं, रिळं परत डब्यांत भरताना फिल्मच्या पट्टीच्या टोकावरचा आकडा बघून तिने चौथं चारच्या डब्यात आणि पाचवं पाचच्या डब्यात नीट ठेवलं होतं. ‘अरेच्चा, चौथ्या खणात पाचवं कसं?’ असं क्षणभर वाटलंही होतं. त्यामुळे शुक्रवारपासून सगळं बरोबर. फक्त गुरुवारचा एकच खेळ उलटा, फक्त त्या पेपरवाल्यांसाठी!

म्हणजे मामा खोटं बोलत नव्हता. बाबाही नाही. आणि हे सगळ्या जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाची दोन दिवसांनी भूगोलाची चाचणी होती.

सांगायचं कुणाला? बाबांना सांगितलं तर त्यांची बावीस वर्षं जाणार. मामाला सांगितलं तर तो हसू होणार गावभर. तिने गप्प बसायचं ठरवलं. गप्प बसणं सोपं असेल असं तिला वाटलं होतं.

गुरुवार आला. ती पायऱ्या एक-एक करत चढली. दुसऱ्या झरोक्यातून पाहिलं तर सातव्या रांगेतली अकरावी खुर्ची मिटलेली. मामाने दुसऱ्या थिएटरात बघायला सुरुवात केली होती. पुढच्या गुरुवारीही मिटलेली. त्याच्या पुढच्याही. बाबांनी गोल स्टुलावर तेलाचा डबा ठेवला, जणू ते कायमच डब्याचं स्टूल होतं. चहा मात्र सवयीने तीन कप होई, आणि तिसरा कप गार होऊन त्यावर साय धरे. बाबा तो मोरीत ओतत.

सर्वांत वाईट ते पुडीचं. सिनेमा बघताना तिचा हात अजून थांबे. एका सिनेमात म्हातारी दुसऱ्याच्याच चपला घालून निघून जाते तिथे थांबला, एकात एक माणूस रिकाम्या खोलीला ‘येतो हं’ म्हणतो तिथे थांबला. पण विचारणारं कुणी नव्हतं. मग तिने वहीच्या मागच्या पानांवर ते लिहायला सुरुवात केली, तारखेसकट, मामा येईल तेव्हा एकदम सांगता येईल म्हणून. पानं भरत चालली, आणि पानं भरतात तसं बरं वाटायला हवं ना? वाटत नव्हतं. उलट प्रत्येक पानागणिक मामा एका पानाने लांब जात होता.

कारखान्याचा सिनेमा महिन्याभरातच उतरला. एका बाजूची माणसं त्याला कामगारद्वेष्टा म्हणून दारात फलक घेऊन उभी राहिली. दुसऱ्या बाजूची भिंगवाल्यांचं वाचून उत्साहाने आत गेली आणि ‘हे भलतंच आहे’ म्हणत मध्यंतरात बाहेर आली. डबे न्यायला त्या सिनेमावाल्या बाई स्वतःच आल्या. साधा सुती सदरा, केस कसेतरी बांधलेले, दमलेला चेहरा. बाबा खाली सही करायला गेले होते.

"तू पाहिलास का गं?" बाईंनी खारूला विचारलं.

खारूने मान हलवली, हो आणि नाही यांच्या मधली.

"दगड आधी होता की कुलूप?" बाई हसल्या. "इतक्या लोकांनी इतकं छातीठोक लिहिलंय की आता मलाच शंका यायला लागली." मग त्यांनी चौथ्या डब्याचं झाकण बोटाने पुसलं, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं, आणि डबा उचलला.

 बाईंच्या मागे ती अर्ध्या जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी शाळेतून ती थिएटरला गेली नाही. बस पकडून सरळ मामाच्या पेपरात गेली.

मामाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, कागदांच्या थप्प्यांमध्ये टेबल शोधावं लागे अशी. खारूला बघून तो खुर्चीतून उठलाच. "खारू! एकटी आलीस? घरी सगळं ठीक आहे ना? ताई—"

"ठीक आहे. मामा, तू बस. मला एका दमात सांगू दे, नाहीतर सांगता येणार नाही."

तिने एका दमात सांगितलं. थर्मास, खण, टॉर्च, सगळं. मामा ऐकत होता. आधी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, मग ते गेलं, मग त्याने टेबलावरचा एक कागद उगाच सरळ केला.

"तुझ्या बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"मग सांगू नकोस," तो पटकन म्हणाला. "त्यांना लागेल. राहू दे. झालं ते झालं. आणि हे बघ, एक रीळ इकडचं तिकडे झालं म्हणून काही फार बिघडत नाही. ती मंडळी एरवी तेच करतात. या वेळी नसेल केलं, तरी—"

"मामा."

"काय?"

"तू लिहिलंस ना, हा क्रम चुकून होत नाही, त्या मंडळींच्या हाताला जन्मजात येतो. तो क्रम मी लावला. माझ्या हातांनी." तिने खरंच हात पुढे केले, एका बोटाला निळी शाई होती. "मग मी कुठल्या बाजूची?"

 मामा तिच्या हातांकडे बघत राहिला. बाहेर कुणीतरी टंकलेखन यंत्रावर धडाधड काहीतरी बडवत होतं.

"बस चुकेल तुझी," अखेर तो म्हणाला. जिन्यापर्यंत सोडायला आला, पण तिसऱ्या मजल्यावरच उभा राहिला. तिला किती वाटलं होतं की तो आता विचारेल, हात कुठे थांबला? वही दप्तरात होती. त्याने विचारलं नाही.

परत जाताना ती बसमध्ये मनसोक्त रडली, आणि मग तिला एक गोष्ट लख्ख कळली. मामा बाबांना वाचवत नव्हता. स्वतःला वाचवत होता. आणि गेला महिनाभर तीही तेच करत होती!

ती सरळ केबिनमध्ये गेली आणि दप्तर खांद्यावर असतानाच तिने बाबांना सांगितलं. बाबा टेबलाशी फिल्मचा तुकडा जोडत होते. त्यांनी हातातलं काम पूर्ण केलं. मग कपाटापाशी गेले, त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले, नेहमीसारखा हात मागे केला. हात बरोबर चौथ्या खणात गेला. तो तसाच ठेवून ते म्हणाले, "पट्टीवर आकडा असतो. बघायचा असतो. मी बघत नाही."

"पण बाबा, चूक माझी—"

"खण तू चुकवलास. डोळे मी मिटले." ते खुर्चीवर बसले. "बिचारा. जे दिसलं तेच लिहिलं त्याने. आणि मी त्याला घरात खोटारडा म्हणालो."

"पण त्याने नुसतं दिसलं तेवढंच नाही लिहिलं," खारू पुटपुटली.

"ते त्याचं त्याला कळेल. आपलं आपण करू. कागद आण."

बाबा आयुष्यात वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहीत नसत. त्या संध्याकाळी त्यांनी पेपरच्या संपादकांना पत्र लिहिलं. पाच ओळींना तीन कागद गेले. ‘पेपरवाल्यांच्या खेळाला चौथ्या आणि पाचव्या रिळाची अदलाबदल झाली. चूक माझ्या केबिनची आहे. सिनेमा काढणाऱ्या बाईंनी क्रम बदलला नव्हता व नंतरही बदलला नाही. आपल्या लेखकाने जे पाहिलं तेच लिहिलं. ऑपरेटर.’ खारूचं नाव कुठेच नव्हतं. आईने पत्र वाचलं, बाबांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि तिकीट लावायला घेतलं.

आठ दिवस पेपरात काही आलं नाही. नवव्या दिवशी आलं. मामाच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या मोठ्या मथळ्याशिवाय. वर बाबांचं पत्र, शब्द न शब्द. खाली मामाच्या चार ओळी:

‘मी पाहिलं ते लिहिलं, हे ऑपरेटरांचं म्हणणं त्यांच्या मोठेपणाचं आहे. मी न पाहिलेलंही लिहिलं. बाईंचा हेतू मी पाहिला नव्हता. त्यांच्यासारख्या सगळ्यांचे सगळे सिनेमेही मी पाहिलेले नाहीत. तो दोष रिळाचा नाही. बाईंची मी क्षमा मागतो.’

"हं," बाबा म्हणाले. पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली.

खारूने मात्र घर डोक्यावर घेतलं. आता येईल! या गुरुवारी येणारच! तिने स्टुलावरचा तेलाचा डबा हलवला, स्टूल पुसलं, पुसलेलं परत पुसलं.

गुरुवार. रिळं बाबांनी स्वतः लावली, प्रत्येक पट्टीचं टोक दिव्यापाशी धरून, आकडा मोठ्याने वाचत. "एक. दोन. तीन." चष्मासुद्धा लावला होता! खारू दुसऱ्या झरोक्याला नाक लावून उभी. दिवे मंद झाले तरी अकरावी खुर्ची मिटलेलीच. सिनेमा सुरू झाला. पहिलं रीळ संपलं. दुसरं लागलं. तिचा श्वास काचेवर जमायचा, ती बाहीने पुसायची, परत जमायचा. तिच्या मनात आलं, काही माणसं क्षमा मागू शकतात पण जिना चढू शकत नाहीत.

तिसऱ्या रिळाच्या मध्यावर हॉलच्या अगदी शेवटच्या रांगेतून, दाराजवळून, एक बारीक उजेड छताकडे गेला. एकदाच.

"बाबा!"

बाबांनी पाहिलं होतं. ते पडद्याकडे बघत राहिले. "चित्र तर स्वच्छ आहे," ते म्हणाले. खरंच काचेसारखं स्वच्छ होतं. तरीही त्यांनी भिंगाच्या कडीला हात घातला, ती केसभर फिरवली. पडदा किंचित धूसर झाला. मग केसभर उलट. परत स्वच्छ.

शेवटच्या रांगेत उजेड पुन्हा लागला नाही. खारू मनातल्या मनात दोन आकडे मोजत राहिली. एक. एक. दुसरा येईना.

"त्याला वाटत असेल मी रागावलोय," बाबा कोपऱ्यावरची नजर न काढता म्हणाले. "जा, चहा नेऊन दे. आणि सांग, वर जागा आहे."

ती जिना उतरली, हातात कप, एक थेंब न सांडता. सत्तावीस पायऱ्या एवढ्या सावकाश ती कधीच उतरली नसेल. मागच्या दाराने अंधारात शिरली. मामा कडेच्या खुर्चीवर होता. दीड महिन्यात कानांजवळ पांढरं दिसायला लागलं होतं, की आधीपासून होतं आणि झरोक्यातून दिसत नव्हतं?

"बाबा म्हणाले, वर जागा आहे."

मामाने कप दोन्ही हातांत धरला. पडद्याच्या उजेडात त्याचा चेहरा निळा, मग पिवळा झाला.

"त्या कारखान्याच्या सिनेमात," तो कुजबुजला, "पहारेकरी किल्ली या खिशातून त्या खिशात घालतो ना, माझा हात तिथे थांबला होता खारू. त्याच गुरुवारी. वहीत लिहिलंही होतं. पण तो सिनेमा त्यांचा होता ना." तो थांबला. "मग मी ती ओळ खोडली."

खारूला त्याला सांगायचं होतं की बाबांचा हातही तिथेच थांबला होता, वरणाच्या चमच्यासकट. पण वर, दूर, पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकून गेला, सिनेमा एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला, आणि कुणालाही कळलं नाही, त्या दोघांशिवाय.

"सुरेख बदलतात दाजी," मामा म्हणाला.

"चल ना वर."

"आज नको. आज मला त्यांच्यासमोर बोलता येणार नाही." त्याने रिकामा कप तिच्या हातात दिला. "पुढच्या गुरुवारी."

"नक्की?"

"स्टुलावर काय ठेवलंय हल्ली?"

"काही नाही. मी पुसलंय."

तो हसला, अंधारातही कळेल असा. "मग नक्की."

ती वर आली. कप मोरीत ठेवला. बाबांनी मान न वळवता विचारलं, "काय म्हणाला?"

"पुढच्या गुरुवारी."

"बरं," बाबा म्हणाले, आणि पुढच्या रिळाचं टोक दिव्यापाशी धरलं.

पुढचा गुरुवार! म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. गेलेला दीड महिना निघाला होता, पण हे सहा दिवस काही केल्या निघतील असं वाटेना. खारूने दप्तरातून वही काढली, मागची भरलेली पानं चाळली, आणि कोरं पान शोधून तारीख घातली. मग दुसऱ्या झरोक्याशी उभी राहिली. खाली शेवटच्या रांगेत, दाराजवळ, डोक्याची एक काळी आकृती पडद्याकडे बघत होती. सिनेमा चालू होता, पण खारू त्याकडे बघत नव्हती, आणि तिच्या हातातल्या पुडीत हात केव्हाचा तसाच थांबला होता.